मेल नेमका कुठे अडकतो?
संगणकावरील मेल-प्रोग्रॅम बंद पडण्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

अकोल्याच्या एमआयडीसीतील दालमिलच्या कचेऱ्या, अमरावतीच्या बिझिलँड आणि सिटीलँड या कापडबाजारांतील घाऊक पेढ्या, दोन्ही शहरांतील कर सल्लागार, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेली महाविद्यालये, अशा ठिकाणी मोबाइलचा वापर कितीही वाढला तरी टेबलावरच्या संगणकात आउटलूक किंवा थंडरबर्ड यांसारखा मेल-प्रोग्रॅम अजूनही उपयोगी ठरतो, कारण भाव, कोटेशने, बिले आणि परिपत्रके यांचा अनेक वर्षांचा पत्रव्यवहार त्यात एका जागी शोधता येतो. असा प्रोग्रॅम नवे मेल घेणे थांबवतो तेव्हा ‘सेंड-रिसीव्ह’चे बटण पुन्हापुन्हा दाबले जाते, वायफायचा डबा बंद-चालू केला जातो आणि अखेर ‘मशीन फॉरमॅट मारून टाका’ हा सल्ला पुढे येतो. या सल्ल्यापर्यंत नेणारे समज एकेक करून तपासणे आवश्यक आहे. कारण मेल थांबल्याने क्वचितच काही हरवते, जे हरवते ते बहुधा घाईने केलेल्या दुरुस्तीत हरवते.

‘लाइट नव्हती, संगणक बंद होता, म्हणून आलेले मेल परत गेले’

हा समज वीजपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या भागात स्वाभाविकपणे रुजतो, परंतु मेलचा प्रवास तसा होत नाही. पाठवणाऱ्याचा मेल प्रथम त्याच्या सेवा-कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू राहणाऱ्या संगणकावर जातो, तेथून तो प्राप्तकर्त्याच्या सेवा-कंपनीच्या सर्व्हरवर पोहोचतो आणि तेथेच साठून राहतो. कचेरीतील आउटलूक हा त्या साठ्यातून मेल उचलून आणणारा प्रोग्रॅम आहे, मेल येऊन पडतो ती पेटी नव्हे. कचेरी चार दिवस बंद राहिली तरी सर्व्हरवरील पेटी भरत राहते. एवढेच नव्हे, तर प्राप्तकर्त्याचा सर्व्हर तात्पुरता बंद असला तरी पाठवणाऱ्याच्या सर्व्हरने तोच मेल पुन्हापुन्हा देऊन पाहावा आणि निदान चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नये, असा मेल-वाहतुकीच्या नियमांचा संकेत आहे.

यावरून पहिली तपासणी ठरते. ब्राउझर उघडावा, सेवा-कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच खात्यात प्रवेश करावा आणि ताजे मेल तेथे दिसतात का ते पाहावे. तेथे ते दिसले तर सर्व्हरपर्यंतची वाट मोकळी आहे आणि दोष सर्व्हर व संगणक यांच्या मध्ये किंवा खुद्द संगणकात आहे. दिसले नाहीत तर आउटलूकमध्ये काहीही बदलण्याचे कारण उरत नाही. दोन मिनिटांची ही तपासणी वगळून केलेली कोणतीही दुरुस्ती अंधारातली असते.

‘सर्व्हर डाउन असेल’

असे घडते, परंतु मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत क्वचित घडते आणि घडले की जगभर त्याचा गाजावाजा होतो. १४ डिसेंबर २०२० रोजी भारतीय वेळेनुसार सायंकाळी सव्वापाचच्या सुमारास गूगलची वापरकर्त्यांची ओळख पटवणारी यंत्रणा साठवण-मर्यादेच्या स्वयंचलित नियोजनातील दोषामुळे कोलमडली आणि सुमारे पाऊण तास जीमेलसह अनेक सेवा ठप्प झाल्या. त्याच्या पाठोपाठ जीमेलमध्ये आणखी एक बिघाड झाला आणि अस्तित्वात असलेल्या पत्त्यांवर पाठवलेले काही मेल ‘असा पत्ताच नाही’ या शेऱ्यासह परत गेले. हा दुसरा बिघाड वेळेनेही मोठा आणि अधिक नुकसानकारक होता, कारण तात्पुरत्या अडचणीचा संदेश मिळाल्यास पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो, कायमच्या नकाराचा संदेश मिळाल्यास मात्र तो थांबतो आणि मेल पाठवणाऱ्याकडे परततो. पेटी भरल्यावरही प्राप्तकर्त्याच्या दृष्टीने असेच काहीसे होते: जीमेलची मोफत १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटलेली असते, १ जून २०२१ पासून मोबाइलमधून नव्याने चढणारे फोटोही त्यात मोजले जातात, आणि ती संपली की नवे मेल स्वीकारले जात नाहीत. संगणकाच्या हार्डडिस्कवर शेकडो जीबी मोकळे आहेत, हे अशा वेळी गैरलागू ठरते. दालमिलच्या खात्याची जागा मालकाच्या घरच्या लग्नाच्या व्हिडिओंनी संपवलेली असू शकते.

‘पासवर्ड बदललेलाच नाही, मग तो चुकीचा कसा?’

गेल्या काही वर्षांत मेल थांबण्याच्या तक्रारींमागचे सर्वांत मोठे कारण कदाचित हेच असावे, आणि त्यात वापरकर्त्याची चूक नसते. पूर्वी मेल-प्रोग्रॅम खात्याचा पासवर्ड स्वतःजवळ ठेवून दर वेळी सर्व्हरला सांगत असे. ही रीत असुरक्षित मानून मोठ्या कंपन्यांनी ती टप्प्याटप्प्याने बंद केली. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून, मायक्रोसॉफ्टने कंपन्यांच्या खात्यांसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि आउटलूक डॉट कॉम व हॉटमेलच्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून नुसत्या पासवर्डावर मिळणारा प्रवेश नाकारण्यास सुरुवात केली. नव्या पद्धतीत, जिला ओऑथ म्हणतात, प्रोग्रॅम सेवा-कंपनीची प्रवेश-खिडकी उघडतो, वापरकर्ता तेथे ओळख पटवतो आणि प्रोग्रॅमला पासवर्डाऐवजी एक मर्यादित परवाना मिळतो, जो खातेदार केव्हाही रद्द करू शकतो. आउटलूक २०१० सारख्या जुन्या आवृत्त्यांना ही खिडकी उघडताच येत नाही, त्यामुळे पासवर्ड अचूक असूनही त्या पुन्हापुन्हा पासवर्ड मागत राहतात आणि वापरकर्ता तोच पासवर्ड पुन्हापुन्हा भरत राहतो.

जीमेलसाठी यावर एक तोडगा आहे. खात्यात दुहेरी पडताळणी सुरू केली की गूगल १६ अक्षरांचा ‘ॲप पासवर्ड’ तयार करून देते आणि तो जुन्या प्रोग्रॅममध्ये नेहमीच्या पासवर्डाच्या जागी चालतो. येथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: मूळ खात्याचा पासवर्ड बदलला की आधी दिलेले सर्व ॲप पासवर्ड रद्द होतात, म्हणून कुणी मोबाइलवरून सुरक्षिततेसाठी पासवर्ड बदलला तर कचेरीतील संगणक त्याच दिवशी मेल घेणे थांबवतो आणि दोन्ही घटनांचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. ज्यांना नवे आउटलूक विकत घ्यायचे नाही त्यांच्यासाठी मोफत मिळणारा थंडरबर्ड हा प्रामाणिक पर्याय आहे, कारण त्याला ओऑथ पद्धत येते. विंडोज ७ वर मात्र त्याची ११५ ही शेवटची चालणारी मालिका आहे.

याच टप्प्यावर लोक फसवले जातात. ‘आपली मेलपेटी आज बंद होणार, येथे पासवर्ड भरा’ असा मजकूर घेऊन येणारे मेल खोटे असतात, आणि शोधयंत्रावर सापडलेल्या ‘मदत-केंद्रा’च्या क्रमांकावर फोन करून संगणकाचा ताबा परक्याच्या हाती देणे त्याहून घातक ठरते. असे काही घडून पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत-क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते.

‘नेट चालू आहे, ब्राउझर चालतो, मेलही पाठवता येतो, म्हणजे सेटिंग बरोबरच आहे’

मेल पाठवणे आणि मेल घेणे ही एका प्रोग्रॅममध्ये दिसणारी, परंतु वेगवेगळ्या सर्व्हरांशी वेगवेगळ्या भाषांत होणारी दोन कामे आहेत. पाठवण्यासाठी १९८२ मध्ये निश्चित झालेली एसएमटीपी ही पद्धत वापरली जाते, घेण्यासाठी पॉप किंवा आयमॅप. प्रत्येकीचे पोर्ट, म्हणजे सर्व्हरवर ठोठावण्याचे क्रमांकित दार, निराळे आहे: सुरक्षित पॉपसाठी ९९५, सुरक्षित आयमॅपसाठी ९९३, पाठवण्यासाठी बहुधा ५८७ किंवा ४६५. यांतील एक दार उघडे असणे हा दुसरे उघडे असल्याचा पुरावा नव्हे. अँटिव्हायरसचा मेल तपासणारा भाग अनेकदा घेण्याच्या मार्गातच उभा असतो. तो संशयित असल्यास संपूर्ण अँटिव्हायरस काढून टाकण्याऐवजी तेवढा भाग काही मिनिटे थांबवून पाहणे पुरते. ‘वर्क ऑफलाइन’ चुकून दाबले जाणे, यादी तारखेऐवजी नावाप्रमाणे लागणे, मेल ‘स्पॅम’मध्ये किंवा आउटलूकच्या ‘अदर’ कप्प्यात पडणे, ही कारणे किरकोळ असली तरी ती आधी पाहून घ्यावीत.

जुन्या संगणकांत मात्र एक कारण असे आढळते की ज्याचा मेलशी संबंध असेल अशी शंकाही येत नाही. संगणक बंद असताना त्याचे घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा सेल, बहुधा सीआर २०३२ या क्रमांकाचा, काही वर्षांनी संपतो आणि त्यानंतर वीज गेली की घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. सर्व्हरशी सुरक्षित संभाषण सुरू होताना सर्व्हर आपले ओळखपत्र दाखवतो. त्या ओळखपत्रावर ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे हे लिहिलेले असते, आणि संगणकाच्या लेखी ‘आज’ २०१० साल असेल तर ते ओळखपत्र अजून लागूच झालेले नसते. संगणक त्यावर विश्वास ठेवण्याचे नाकारतो, ही त्याची चूक नव्हे, दक्षता आहे. विंडोजची वेळ-सेवा घरगुती संगणकात १५ तासांपेक्षा मोठा फरक सहसा आपोआप दुरुस्त करत नाही, म्हणून तारीख हाताने बदलावी लागते आणि सेल बदलला नाही तर पुढच्या वेळी वीज गेल्यावर तीच अडचण पुन्हा उभी राहते. ब्राउझरही एकाच वेळी सुरक्षिततेच्या तक्रारी दाखवू लागला असेल तर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील तारीख प्रथम वाचावी.

‘मोबाइलवर येतो, संगणकावर येत नाही, म्हणजे संगणक बिघडला’

येथे पॉप आणि आयमॅप यांतील भेद समजून घेणे अपरिहार्य आहे. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर राहतो आणि प्रत्येक यंत्र त्याचे प्रतिबिंब दाखवते. पॉपमध्ये मेल सर्व्हरवरून संगणकात उतरवला जातो आणि नंतर सर्व्हरवरील प्रत काढून टाकली जाऊ शकते. जीमेल तर पॉपने एकदा उतरवलेला मेल पॉपच्या दुसऱ्या ग्राहकाला पुन्हा देत नाही, म्हणून एकच खाते दुकानातील आणि घरच्या अशा दोन संगणकांत पॉपने लावले तर काही मेल इकडे आणि काही तिकडे अशी वाटणी होते. पत्त्याच्या आधी ‘रिसेंट’ हा शब्द आणि अपूर्णविराम इंग्रजीत जोडून वापरकर्ता-नाव भरल्यास गेल्या ३० दिवसांचे मेल प्रत्येक संगणकाला मिळतात. तथापि अनेक यंत्रांवर एकच खाते पाहायचे असेल तर आयमॅप हीच योग्य पद्धत आहे.

‘अकाउंट काढून पुन्हा टाका, नाहीतर फॉरमॅट मारा’

सर्व गैरसमजांत हा सर्वाधिक हानिकारक आहे. आउटलूकमध्ये पॉपचे खाते जोडताना ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ हा पर्याय निवडलेला असतो, पण त्याच्याच खाली ‘१४ दिवसांनंतर सर्व्हरवरून काढा’ हाही आपोआप निवडलेला असतो, आणि बहुतेक वापरकर्ते त्या ओळीपर्यंत पोहोचत नाहीत. परिणामी सेवा-कंपनीने ही सूचना पाळल्यास पंधरवड्यापेक्षा जुना प्रत्येक मेल जगात एकाच जागी उरतो, ती म्हणजे त्या संगणकातील पीएसटी नावाची फाइल. फॉरमॅट मारताना ती गेली की गेली. नंतर खाते पुन्हा जोडल्यावर गेल्या दोन आठवड्यांचे मेल येतात, त्यामुळे काम झाल्यासारखे वाटते, आणि जुनी ऑर्डर किंवा लेखापरीक्षणाचा कागद शोधायची वेळ आल्यावरच नुकसान कळते.

याउलट आउटलूक २०१३ पासून आयमॅप खात्यासाठी तयार होणारी ओएसटी फाइल ही सर्व्हरवरील साठ्याची केवळ स्थानिक नक्कल असते आणि ती गेली तरी पुन्हा उतरवता येते. म्हणून दुरुस्तीस आलेल्या माणसाला विचारण्याचा पहिला प्रश्न ‘किती वेळ लागेल’ हा नसून ‘खाते पॉप आहे की आयमॅप’ हा असावा. पॉप असल्यास आउटलूक बंद करून पीएसटी फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी, तेथून ती उघडते याची खात्री करावी, आणि मगच पुढे जावे.

ही फाइल स्वतःच आजारी असण्याचीही शक्यता असते. आउटलूक २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत तिची मर्यादा २ जीबी होती, २००३ आणि २००७ मध्ये ती २० जीबी झाली आणि २०१० पासून ५० जीबी आहे. मर्यादेजवळ पोहोचल्यावर नवे मेल घेणे थांबते. लिहिणे चालू असताना वीज गेल्यानेही फाइलची रचना विसकटते, आणि उन्हाळ्यात वीज येते-जाते तेव्हा यूपीएसविना चालणाऱ्या संगणकांत हे सहज घडते. आउटलूकसोबत येणारे स्कॅनपीएसटी हे साधन अशी फाइल पुष्कळदा सावरते. मात्र ते मूळ फाइलवर न चालवता तिच्या नकलेवर चालवावे. थंडरबर्डमध्ये हेच काम फोल्डरच्या गुणधर्मांतील ‘रिपेअर फोल्डर’ करते.

‘मेल उघडलाच नाही, तर तो मिळाला असे कसे म्हणता येईल?’

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम १३ नुसार, पक्षांमध्ये वेगळे ठरलेले नसेल तर, प्राप्तकर्त्याने मेल स्वीकारण्यासाठी जी संगणकीय व्यवस्था नेमून दिली असेल तिच्यात अभिलेख शिरला की तो मिळाला असे मानले जाते. तो प्रत्यक्ष वाचला गेला की नाही, हे तेथे विचारलेले नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ याचे कलम १६९ नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर पाठवलेली नोटीस ही बजावणीची एक रीत मानते, आणि सामाईक पोर्टलवर ती उपलब्ध करणे ही दुसरी. तुरीच्या हंगामात आठवडाभर आउटलूक बंद राहिलेल्या व्यापाऱ्याची उत्तर देण्याची मुदत त्या आठवड्यातही चालूच असते, म्हणून दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत मेल रोज ब्राउझरमधून आणि नोटिसा पोर्टलवरून वाचाव्या लागतात.