अँटिबायोटिकच्या जोडीला कोणती पेनकिलर?

औषधांची ओळख : भाग ७

गेल्या आठवड्यात अँटिबायोटिकचा कोर्स का आणि किती दिवस, ते पाहिलं. आज त्याच्या जोडीला घेतल्या जाणाऱ्या पेनकिलरबद्दल.

पिंपरीला अँटिबायोटिक नवं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ मध्ये इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढे पेनिसिलिन बनू लागलं. अँटिबायोटिक आजही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायचं असतं. दुखण्याची गोळी मात्र आपण परस्पर ठरवतो. चाकणला शिफ्ट सुटली की मेडिकलवर ऐकू येतं, ‘दाढ ठणकतेय, काहीतरी स्ट्राँग द्या.’

अमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या अँटिबायोटिकबरोबर पॅरासिटामॉल चालतं. टीबीची औषधं सुरू असतील, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दोन्हींचा भार यकृतावर पडतो.

खरी गडबड मात्रेत होते. दुखण्याच्या एका गोळीत आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. तापाची दुसरी ६५० ची, सर्दीच्या तिसरीत आणखी ५००. नावं तीन, पण पॅरासिटामॉल झालं १,४७५. दिवसातून तीनदा घेतलं, तर ४,४२५. धडधाकट प्रौढाची कमाल मर्यादा दिवसाला ४,००० आहे. दारू घेणाऱ्यांची आणि यकृताचा आजार असलेल्यांची त्याहून कमी. म्हणून स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरातली नावं वाचा.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक यांचं गणित वेगळं. मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं ही औषधं कमी करतात. फोर्जिंग किंवा फाउंड्रीत घामाने अंग निथळत असेल आणि पाणी पोटात जात नसेल, तर मूत्रपिंडाचं रक्त आणखी घटतं. त्यात जेंटामायसिन किंवा अमिकॅसिनची इंजेक्शनं चालू असली, तर धोका वाढतो. अल्सर, किडनीचा विकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा गर्भारपण असेल, तर या गोळ्या स्वतःहून घेऊच नयेत. डेंग्यूची शंका असतानाही नकोत; रक्तस्रावाची भीती असते.

सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन यांच्याबरोबर याच पेनकिलरमुळे झटके येण्याची शक्यता वाढते. फिट्सचा त्रास असलेल्यांनी तर हे डॉक्टरांना आधीच सांगावं. याच अँटिबायोटिकनी क्वचित टाचेमागचा स्नायुबंध सुजतो, तुटतोही. अशा वेळी पेनकिलर घेऊन पुन्हा पेट्या उचलायला जाऊ नका. अँटिबायोटिक थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आणखी एक. पॅरासिटामॉलने उतरलेला ताप म्हणजे बरा झालेला आजार नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही गोळीचा असर ओसरताच ताप चढत असेल, चेहऱ्यावरची सूज वाढत असेल किंवा तोंड उघडेनासं झालं असेल, तर पेनकिलर वाढवू नका, डॉक्टरांकडे जा.

पुढच्या आठवड्यात : अँटासिड, दूध आणि लोहाच्या गोळ्या अँटिबायोटिकचा असर कसा कमी करतात.