घाटावरचं पाणी, खाडीतलं रान
लेखमाला : आपल्या नद्या कुठे जातात? (लेखांक ६)

खानापूर तालुक्यातल्या गुंजीच्या माणसाला खारफुटीबद्दल सांगायला गेलं, तर तो पहिल्यांदा विचारणार, ‘आमच्याकडे ना समुद्र ना खाडी, आम्हाला काय त्याचं?’ प्रश्न रास्त आहे. पण मागच्या आठवड्यात आपण म्हादईला भीमगडच्या रानात सोडलं होतं. ती खानापूर तालुक्यात उगम पावते, घाट उतरून गोव्यातल्या सत्तरीत शिरते आणि मांडवी या नावाने पणजीपाशी समुद्राला मिळते. लोंढ्याकडची पांढरी नदी काळीला मिळते आणि काळी जाते कारवारला. मलप्रभा तेवढी पूर्वेला वळते. म्हणजे तालुक्यातल्या पावसाचा एक मोठा वाटा पश्चिमेच्या दोन खाड्यांत उतरतो, आणि दोन्हीकडे खारफुटी आहे.

लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर करत रेल्वेने गोव्याला जाणारे आपल्याकडे पुष्कळ. त्यांनी एकदा वाट वाकडी करून रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जावं. बेटाच्या टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली घोषित झालेलं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. ओहोटीच्या वेळी गेलात तर तिवर या खारफुटीच्या झाडाच्या बुडाशी चिखलातून वर आलेली बोटभर उंचीची मुळं शेकड्यांनी दिसतील. चिखलात हवा नसते, म्हणून झाड या मुळांनी श्वास घेतं. तिवराच्या पानाला जीभ लावून पाहा, खारट लागतं. बरंचसं मीठ झाड मुळापाशीच अडवतं, आत शिरलेलं पानावाटे बाहेर टाकतं. कांदळ या दुसऱ्या जातीची तऱ्हा निराळी. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, शेंगेसारखा लांब कोंब फांदीला लोंबत राहतो. तयार झाला की गळतो आणि भरतीबरोबर तरंगत जाऊन जिथे टेकेल तिथे मूळ धरतो.

खारफुटीला खारं पाणीच हवं असतं, हा समज मात्र अर्धवट आहे. ती मिठाला तोंड देते, पण त्यासाठी तिला ताकद खर्चावी लागते. गोड्या पाण्याची भर पडते तिथे बहुतेक जाती अधिक जोमाने वाढतात. काही जातींना तर कमी खारटपणाच लागतो, त्या मुखापासून दूर, आतल्या अंगाला सापडतात. मांडवीत भरतीचा परिणाम समुद्रापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो. पावसाळ्यात नदीचा लोंढा मिठाला समुद्राकडे रेटतो. पाऊस सरला की मीठ हळूहळू वर चढत जातं. उन्हाळ्यात ते किती वर चढेल, हे घाटावरून येणाऱ्या पाण्यावर ठरतं.

इथे कळसा-भांडुऱ्याचा विषय टाळता येत नाही. कळसा कणकुंबीचा, भांडुरा नेरशाचा, म्हादईचे हे दोन्ही ओढे आपल्याच तालुक्यातले. म्हादई पाणीवाटप लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिलं. कर्नाटकाच्या वाट्यातलं ३.९ टीएमसी या ओढ्यांतून मलप्रभेकडे, हुबळी-धारवाडच्या पिण्यासाठी, वळवण्यासाठी आहे. तिथली तहान खरी आहे, ती थट्टेवारी नेण्यात अर्थ नाही. पण दोन्ही बाजूंचे पुढारी वर्षाचे आकडे फेकतात, आणि खाडीचा जीव महिन्यांच्या हिशेबावर अवलंबून असतो. जुलैतलं एक टीएमसी आणि मार्चमधलं एक टीएमसी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गोव्यातली खरी गुंतागुंत मात्र खाजनांत आहे. खाडीकाठच्या दलदलीला बांध घालून गावकाऱ्यांनी, म्हणजे गावच्या सामूहिक संस्थांनी, शेकडो वर्षांपूर्वी ही शेतं काढली. आजही असं क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर सांगितलं जातं. बांध चिकणमातीचा, आणि त्यात ‘मानस’, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरती चढली की पाण्याच्या दाबाने दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. माणसाने नुसती देखभाल करायची. पावसाळ्यात कोरगूट हा खारटपणा सोसणारा भात, आणि मानशीच्या तोंडाशी जाळं लावून मासे. मासेमारीच्या या हक्काचा लिलाव होतो. बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मार झेलून बांध राखते.

ही घडी पुढे विस्कटली. कूळकायद्यानंतर गावकाऱ्यांचा बांधावरचा अंमल सैल झाला, नवी व्यवस्था तितक्या जोमाने उभी राहिली नाही. खनिजाच्या बार्जींच्या लाटांनी मांडवी-जुवारीचे काठ झिजवले. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि पाठोपाठ खारफुटी येते. मग शेतकऱ्याची पंचाईत! आपल्याच शेतातलं ते झाड तोडायचं तर कायदा आडवा येतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र हिरवाई वाढलेली दिसते.

तोडीच्या बाजूचे धडे महाराष्ट्राने दिले. मुंबईत भराव, झोपड्या, कचरा यांखाली खारफुटी गाडली जात होती. उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी तोड थांबवली, २०१२ मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने अंतिम निकाल दिला. कायद्याचा उपयोग झाला, हे मान्यच करायला हवं. २०२१ च्या वनस्थिती अहवालात महाराष्ट्राची खारफुटी ३२४ चौरस किलोमीटर भरली, गोव्याची २७, कर्नाटकाची अवघी १३.

माझ्या मते या आकड्यांना एकट्याने फारशी किंमत नाही. मोकळ्या किनाऱ्यावरचं तिवर आणि फुटक्या बांधाआड, कोणाच्या तरी भातशेतीत उगवलेलं तिवर, उपग्रहाला दोन्ही सारखीच हिरवी. पहिलं राखायला हवं. दुसऱ्याच्या बाबतीत आधी बांध का फुटला, ते शेतकऱ्याला विचारायला हवं. तेव्हा ‘खारफुटी वाढली’ अशी बातमी वाचलीत, तर ती कोणाच्या जागेत वाढली एवढं जरूर विचारा.

(पुढच्या आठवड्यात : काळी नदी, सुप्याच्या धरणापासून कारवारपर्यंत)