एक दिवसाचे मौन

भोपाळच्या जवाहर चौकात मौन ही वस्तू सहसा मिळावयाची नाही. बसगाड्यांचे कर्णे, फेरीवाल्यांच्या आरोळ्या आणि कचेरीची वेळ गाठण्यासाठी चाललेली धावपळ यांतच तेथील दिवस उगवतो आणि मावळतो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ हे नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. त्या सुमारास नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील सरकारी कचेऱ्यांतून पुष्कळ नोकरवर्ग इकडे आला, आणि त्याच्यासाठी तात्या टोपे नगरची वसाहत उभी राहिली. जवाहर चौक त्याच भागातला. बदलीच्या हुकमाबरोबर सामानसुमान बांधून आलेल्या या मंडळींत मराठी कुटुंबे कमी नव्हती. फायलींवर शेरे मारीत, वरिष्ठांचे बोल निमूटपणे गिळीत आणि घरी आल्यावर त्याच बोलांचा वचपा मुलाबाळांवर काढीत ज्याचे आयुष्य जाते, असा मनुष्य ओळखण्यासाठी वाचकाला भोपाळपर्यंत जाण्याचे कारण नाही.

या चौकातून सकाळी निघालेला मनुष्य तासाभराच्या आत केरवा धरणाच्या परिसरात पोहोचतो. तेथे ‘धम्मपाल’ नावाचे विपश्यना केंद्र आहे. दहा दिवसांचे शिबिर पूर्वी पुरे केलेल्या साधकांसाठी अशा केंद्रांतून एक दिवसाची शिबिरे भरविण्यात येतात. सकाळी आत जावयाचे, दिवसभर कोणाशी बोलावयाचे नाही, खुणेने किंवा डोळ्यांनीसुद्धा नाही, आणि सायंकाळी परत फिरावयाचे. ज्याला वर्षातून दहा दिवसांची रजा मिळणे दुरापास्त, त्यालाही रविवार मोकळा काढता येतो. प्रश्न इतकाच की, असे एक दिवस गप्प बसल्याने मनुष्याच्या रागाचे, शोकाचे अथवा भयाचे होते काय?

हा प्रश्न नवा नाही, आणि एक दिवसाची ही योजनाही नवी नाही. बुद्धकाळापासून गृहस्थ उपासकांसाठी उपोसथाचा दिवस ठरलेला असे. अमावास्या, पौर्णिमा आणि दोन्ही पक्षांतील अष्टमी या दिवशी उपासक आठ शीले पाळीत, दुपारनंतर भोजन घेत नसत, गाण्याबजावण्यापासून व साजशृंगारापासून दूर राहत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या शेतात किंवा दुकानात जात. भिक्षूचे जीवन गृहस्थाने एका दिवसापुरते उसने घ्यावे, अशी ती कल्पना होती. आपल्याकडील एकादशीशी तिचे बाह्य साम्य वाचकाला जाणवेलच. मात्र आपली एकादशी पुढे साबुदाण्याच्या खिचडीत अडकून पडली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मौनाचा उद्देश समजण्यासाठी संयुत्तनिकायातील सल्लसुत्त पाहिले पाहिजे. ‘सल्ल’ म्हणजे शल्य, बाण. तेथे बुद्धाने दिलेला दृष्टान्त असा की, एखाद्यास बाण लागावा आणि लगेच त्याच जागी दुसरा बाण लागावा, तशी अज्ञ मनुष्याची दशा असते. पहिला बाण शरीराच्या दुःखाचा. तो ज्ञानी पुरुषालाही चुकत नाही. दुसरा बाण मनाचा, म्हणजे त्या दुःखाबद्दलचा विलाप, चडफड आणि द्वेष. हा मात्र मनुष्य आपल्याच हाताने मारून घेतो. सुत्तात याहूनही सूक्ष्म निरीक्षण आहे. असा घायाळ मनुष्य सुखोपभोगाकडे धावतो, कारण दुःखातून सुटण्याचा दुसरा मार्ग त्याला ठाऊकच नसतो. वरिष्ठांनी अपमान केला म्हणून मिठाईच्या, मद्याच्या किंवा हल्लीच्या काळी हातातील मोबाइलच्या आश्रयाला जाणारा मनुष्य अडीच हजार वर्षांपूर्वीही होता, असे यावरून दिसते.

बोलणे हा या पलायनाचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. राग आला की मनुष्य दहा जणांना ती हकिकत सांगतो. प्रत्येक वेळी सांगताना हकिकत थोडी वाढते, आणि तिच्याबरोबर रागही वाढतो. मौनात हा मार्ग बंद होतो. परंतु येथेच एक गैरसमज संभवतो. तोंड मिटून आत धुमसत राहणे याला मौन म्हणत नाहीत. त्याला अबोला म्हणतात, आणि अबोल्याने घरे कशी पोखरली जातात हे मराठी कुटुंबात वाढलेल्यांना निराळे सांगावयास नको. साधकाच्या मौनाला ‘आर्य मौन’ असे नाव आहे. वाणी थांबवून लक्ष आत काय चालले आहे तिकडे वळविणे, हा त्याचा हेतू.

आत पाहावयाचे म्हणजे काय पाहावयाचे? दिवसाच्या पहिल्या भागात आनापान, म्हणजे केवळ श्वासाकडे लक्ष. श्वास दीर्घ करावयाचा नाही, रोखावयाचा नाही; प्राणायामाहून हा प्रकार भिन्न आहे. नाकपुड्यांशी येणारा आणि जाणारा श्वास जसा आहे तसा जाणावयाचा. त्यानंतर लक्ष मस्तकापासून पायांच्या बोटांपर्यंत क्रमाक्रमाने फिरवावयाचे आणि जेथे जी संवेदना असेल, उष्णता, जडपणा, कंप, वेदना, ती पाहावयाची. ती हवीशी वाटली तरी धरून ठेवावयाची नाही. नकोशी वाटली तरी लोटावयाची नाही. अखेरीस मैत्रीभावना.

श्वास आणि संवेदना यांचा रागाशी संबंध काय, असे कोणी विचारील. राग ही अमूर्त गोष्ट आहे. ‘मी रागाकडे पाहतो’ असे म्हणणाऱ्या मनुष्यापुढे दुसऱ्याच क्षणी राग राहत नाही, ज्याच्यावर रागावला तो मनुष्य उभा राहतो, आणि पाहणे संपून भांडण सुरू होते. परंतु रागाबरोबर श्वास जलद होतो, छाती तापते, जबडा आवळतो. या गोष्टी पाहता येतात. त्या पाहताना मनुष्यास हळूहळू असे आढळते की, तापलेली छाती काही काळाने निवते. तिला कोणी निववीत नाही. भय व शोक यांनाही हेच लागू आहे. ब्रह्मदेशातील महासी सयाडो (1904–1982) यांच्या परंपरेत किंचित निराळी रीत आहे: मनात जे उठेल त्याची मनातल्या मनात नोंद करावयाची, राग उठला तर ‘राग, राग’ अशी. भावनेला नाव दिल्याने तिचा जोर उतरतो, या जुन्या अनुभवाला आधुनिक प्रयोगशाळेतूनही काही दुजोरा मिळाला. कॅलिफोर्नियातील मॅथ्यू लीबरमन व त्यांचे सहकारी यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, रागीट किंवा भ्यालेल्या चेहऱ्याच्या चित्रातील भावनेला शब्द देताच पाहणाऱ्याच्या मेंदूतील भयाशी निगडित भागाची खळबळ कमी झालेली दिसली.

दिवसाचा मध्य बहुधा कठीण जातो. सकाळची उमेद ओसरलेली असते, गुडघे ठणकू लागतात, आणि ज्या आठवणीपासून दूर पळत होतो तीच नेमकी पुढ्यात येऊन बसते. वर्षापूर्वी वारलेल्या आईची, वाटणीवरून दुरावलेल्या भावाची, नाकारलेल्या बढतीची. साधकाला वाटते, आपले ध्यान बिघडले. वस्तुतः ज्यासाठी यावयाचे ते काम तेव्हाच सुरू झालेले असते.

क्रोधाच्या बाबतीत बुद्धघोषाचार्यांनी पाचव्या शतकात रचलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाइतके व्यवहारी विवेचन क्वचितच सापडेल. हा ग्रंथ नागरी लिपीत संपादून भारतीय वाचकांपुढे आणणारे धर्मानंद कोसंबी हे गोमंतकातील सांखवाळचे, आणि बौद्ध विचार मराठीत रुजविण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, हे मराठी वाचकाने विसरू नये. मैत्रीभावना शत्रूपासून सुरू करू नका, असे आचार्य सांगतात. आरंभ स्वतःपासून, मग आदरणीय व्यक्ती, मग प्रिय मित्र, मग ज्याच्याविषयी प्रेम नाही नि द्वेषही नाही असा मनुष्य, आणि सर्वांत शेवटी वैरी. वैऱ्यापाशी येताच राग उसळला तर मागे फिरा आणि पुन्हा या. तरीही राग शमला नाही तर त्यांनी एकामागून एक युक्त्या दिल्या आहेत. दुसऱ्याला मारण्यासाठी निखारा उचलणाऱ्याचा आपलाच हात आधी भाजतो, हे आठवा. रागावता ते नेमके कशावर, त्याच्या केसांवर की नखांवर, याचा विचार करा. आणि शेवटची युक्ती तर अशी की, काहीच लागू पडत नसेल तर त्या मनुष्याला एखादी वस्तू भेट द्या. दुर्दम्य क्रोधावर आचार्य अखेर देवघेवीचा उपाय सुचवितात, यावरून त्यांनी माणसे जवळून पाहिली असावीत असे वाटते.

भोपाळच्या माणसाला यासाठी फार दूर पाहावयास नको. ईशान्येस सुमारे 45 किलोमीटरवर सांची आहे. 1851 मध्ये कनिंगहॅम यांना सांची आणि सतधारा येथील स्तूपांत सारिपुत्त व मोग्गल्लान या बुद्धशिष्यांच्या अस्थी सापडल्या. त्या विलायतेस गेल्या, आणि परत आल्यावर 30 नोव्हेंबर 1952 रोजी पंडित नेहरूंच्या उपस्थितीत सांचीच्या नव्या विहारात ठेवण्यात आल्या. या सारिपुत्ताविषयी धम्मपदाच्या अट्ठकथेत एक गोष्ट आहे. हा कधी रागावत नाही, असे लोक म्हणतात, ते खरे की खोटे पाहावे म्हणून एका ब्राह्मणाने भिक्षेस निघालेल्या सारिपुत्ताच्या पाठीत जोराने प्रहार केला. सारिपुत्ताने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही. ब्राह्मण शरमला, त्याने क्षमा मागितली आणि त्याला जेवावयास घरी नेले.

ही साधना कचेरीतल्या माणसाची आहे, हे मात्र आवर्जून सांगण्यासारखे आहे. सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते; हिशेबखात्याचा रगाडा उपसत असतानाच ते विपश्यना शिकवीत आणि आपल्या कचेरीतील लोकांनाही तिची गोडी लावीत. त्यांच्याकडे 1955 मध्ये मंडालेत जन्मलेले एक भारतीय उद्योगपती आले, ते डोकेदुखीने गांजून. त्यांचे नाव सत्यनारायण गोएंका. 1969 मध्ये ते भारतात आले, जुलैमध्ये मुंबईच्या एका धर्मशाळेत त्यांनी पहिले शिबिर घेतले, आणि 1976 पासून इगतपुरीचे ‘धम्मगिरी’ हे या कार्याचे मुख्य केंद्र झाले. 1994 च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या तिहार कारागृहात हजाराहून अधिक बंदिवानांचे शिबिर त्यांनी घेतले. ज्यांच्या एका क्षणाच्या क्रोधाने दोन कुटुंबे उद्ध्वस्त झाली, अशी माणसे तेथे दहा दिवस स्वतःकडे पाहत बसली होती. गोएंका 2013 मध्ये निवर्तले. मुंबईजवळ गोराई येथे 2009 मध्ये खुल्या झालेल्या, खांबांवाचून उभ्या असलेल्या विशाल पॅगोडात आठ हजार माणसे एकत्र बसू शकतात; तेथे जुन्या साधकांसाठी दररोज एक दिवसाचे शिबिर चालते.

पाश्चात्त्य वैद्यकानेही हा दिवस उचलला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात एक संपूर्ण दिवस मौनाचा असतो. ध्यानाविषयीच्या 47 चाचण्यांचा आढावा 2014 मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चिंता, खिन्नता व वेदना यांवर बेताचा उपयोग होतो, पण औषधे किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान वरचढ असल्याचे दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष भक्तांना थंड वाटेल, परंतु तो प्रामाणिक आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिरास येऊ नये, असे विपश्यना केंद्रे स्वतःच सांगतात. ज्याच्यावर भयंकर आघात झाला आहे, त्याला एकांतातील मौन कधी कधी सोसत नाही. अशा वेळी वैद्याकडे जाणे हाच शहाणपणा.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो हलक्या हाताने बाजूला सारता येणार नाही. भोपाळ राजधानी होण्याच्या अवघ्या अठरा दिवस आधी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपुरात डॉ. आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यांच्या अनुयायांपैकी पुष्कळ जण विचारतात की, अन्यायाविरुद्धचा राग हीच दलितांची शक्ती असताना तो डोळे मिटून विरघळविण्याचे कारण काय? ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच शांत राहावयास सांगणे ही जुनी युक्ती आहे, आणि या शंकेला इतिहासाचा आधार आहे. ध्यानाच्या नावाखाली कोणी अन्याय सोसावयास शिकवीत असेल तर त्याने बुद्धालाच दूर सारले, असे म्हणावे लागेल. परंतु राग विरला म्हणजे अन्यायाची जाणीवही विरलीच पाहिजे, असे नाही. अर्ज लिहावयाचा, साक्ष द्यावयाची, मोर्चा काढावयाचा, तर थरथरत्या हातापेक्षा स्थिर हात अधिक उपयोगी पडतो. हा वाद मिटलेला नाही, आणि तो चालू राहणे इष्टच आहे.

सायंकाळी मैत्रीभावना संपली की मौन सुटते. पहिले शब्द बहुधा अडखळतात. लोक विनाकारण हळू आवाजात बोलतात, आणि आपल्याच आवाजाचे नवल वाटून हसतात. मग कोणी बसगाडीची वेळ विचारतो, कोणी घरी दूरध्वनी करून भाजी काय आणावी हे विचारतो. काळोख पडता पडता गाडी जवाहर चौकात येते. कर्णे तसेच वाजत असतात, आणि सोमवारी कचेरीत तोच वरिष्ठ त्याच खुर्चीवर असतो. फरक पडला तर एवढाच पडतो की, त्याचे बोल कानावर येताच आपला जबडा आवळला जात आहे हे त्या मनुष्याला, बहुधा काही वर्षांत प्रथमच, वेळीच कळते.