काचेच्या टाकीतले शेवाळ

वल्कले नेसलेल्या शकुंतलेला पाहून कालिदासाच्या दुष्यंताला शेवाळाने वेढलेले कमळ आठवते. वर्गात हे शिकवताना शेवाळाची बाजू घेणे सोपे असते. पण हौसेने आणलेल्या माशांच्या टाकीत, हिरव्यागार पानांवर तेच शेवाळ चढू लागले, की आपल्या रसिकतेची कसोटी लागते!

आमच्या टाकीची देखभाल आठवीतल्या चिरंजिवांकडे. तिसऱ्या महिन्यात अनुबियासच्या रुंद पानांवर हिरवे ठिपके पडले आणि व्हॅलिसनेरियाच्या लांब पात्यांना केसांसारखे तंतू लोंबू लागले. स्वारी हिरमुसली.

"बाबा, दुकानात औषध मिळतं. चार थेंब टाकले की काम झालं!"

"आणि माशांचं काय?" स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी विचारले.

प्रश्न बिनतोड होता. शेवाळ मारणाऱ्या कित्येक औषधांत तांब्याचे क्षार असतात. टाकीतल्या कोळंबीला नि गोगलगायींना ते विषच. शिवाय सारे शेवाळ एकदम मेले की कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो, आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. शोभेसाठी जीव घालवायचे, हा व्यवहार आम्हांला पसंत नव्हता.

मुळात शेवाळ वाढते कशावर? उजेडावर आणि खतावर. हे खत टाकीत आपोआपच तयार होते. उरलेले खाणे आणि माशांची विष्ठा यांतून अमोनिया निघतो, आणि उपयुक्त जिवाणू त्याचे शेवटी नायट्रेट करतात. वनस्पती जोमात असल्या तर त्या ते उचलतात. त्या मंदावल्या की शेवाळाची पंगत बसते. अनुबियासची वाढ सावकाश, एकेक पान महिनोन् महिने टिकते. म्हणून तिथे बिऱ्हाड थाटायला शेवाळाला भरपूर सवड मिळते.

तेव्हा औषध दूर ठेवून आम्ही ही पंगतच आवरली. दिवा रोज सात तास. खिडकीतल्या उन्हाला पडदा. खाणे मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच. दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदलायचे, तेही क्लोरीन घालवलेल्या पाण्याने. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धरता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, म्हणजे जिवाणू वाचतात. फार माखलेली पाने कात्रीने छाटली, तंतू जुन्या टूथब्रशला गुंडाळून काढले, आणि भराभर वाढणारी हायड्रिला लावली.

एक मदतनीसही आणला. जलवनस्पतींच्या टाक्या सजवण्याची कला जगभर नेणारे जपानचे ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी शेवाळ खाणाऱ्या एका इवल्याशा कोळंबीला प्रसिद्धी दिली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिने तंतू आवडीने खाल्ले. कडक ठिपक्यांपुढे मात्र तिचेही काही चालले नाही.

या साऱ्याला सहा आठवडे लागले. जुन्या पानांवरचे डाग गेले नाहीत, पण नवी पाने स्वच्छ आली. शाळेतून आल्याबरोबर टाकीशी बसून ती मोजायची, हा मुलाचा नेम झाला. परीक्षेच्या निकालाचीही ज्याला घाई, तो एका पानासाठी आठवडाभर थांबायला शिकला. कोणत्या औषधाच्या बाटलीत हा गुण मिळाला असता?

मागच्या दगडावर अजून थोडे शेवाळ आहे. परवा मी विचारले, "तेवढंही काढून टाकायचं का रे?"

"राहू द्या, बाबा. कोळंबीचा डबा आहे तो!"