तक्रार नसतानाच तपासणी हवी

भोकरदन तालुक्यातील राजूर हे श्रीगणेशाचे स्थान म्हणून मराठवाड्यात सुपरिचित आहे. अंगारकी चतुर्थीला दूरदूरच्या गावांहून येथे स्त्रिया दर्शनास येतात. घरादाराच्या सुखासाठी एवढे कष्ट घेणारी स्त्री स्वतःच्या प्रकृतीसाठी मात्र दुखणे विकोपाला गेल्यावरच दवाखान्याची पायरी चढते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हाच विलंब घातक ठरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील ३० ते ४९ वयोगटातील शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींनी ही तपासणी कधी तरी करून घेतल्याचे आढळले.

सावकाश वाढणारा रोग

एचपीव्ही या विषाणूच्या संसर्गातून हा रोग उद्भवतो. बहुतेक स्त्रियांमध्ये संसर्ग आपोआप नाहीसा होतो. काहींमध्ये तो टिकून राहतो व त्याचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा १५ ते २० वर्षे लागतात. या काळात कोणताही त्रास जाणवत नाही; परंतु पेशींतील बदल तपासणीत आढळू शकतात आणि साध्या उपचाराने दूर करता येतात.

शासकीय कार्यक्रमानुसार ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांनी दर पाच वर्षांनी ही तपासणी करून घ्यावयाची आहे. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल लावून सुमारे एक मिनिटाने पाहिले असता संशयास्पद भाग पांढरा दिसतो. यासाठी भूल वा शस्त्रक्रिया लागत नाही.

मराठवाड्यातील अनुभव

उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. बोलावलेल्या दर पाच स्त्रियांपैकी जवळजवळ चौघी तपासणीस आल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या गटास एकदाच एचपीव्ही चाचणी देण्यात आली, त्यात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्याने घटले. मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केलेल्या आम्ल-तपासणीमुळे मृत्यूंत ३१ टक्के घट झाल्याचे २०१४ साली नमूद झाले.

मनातील अढी

ग्रामीण स्त्री तपासणीस येत नाही ती केवळ अज्ञानामुळे नव्हे. संकोच असतो, ‘पिशवी काढतील’ ही भीती असते, कापूस वेचणीच्या दिवसांत रोजही बुडतो. तपासणी म्हणजे गर्भाशय काढणे नव्हे. दोष आढळलाच तर पुढील तपासण्या करूनच उपचार ठरतो, हे समजावून सांगितले पाहिजे. तपासणी परिचारिकेकडून व आडोशाची जागा पाहून व्हावी. शिबिराची तारीख वेचणीचा हंगाम टाळून ठरवावी. आशा कार्यकर्तीने घरच्या पुरुषांशीही बोलावे. सासूने सुनेला सोबत घेऊन यावे. दोघींचीही तपासणी व्हावी.

पाळी नसताना वा संबंधानंतर रक्त जाणे, पाळी थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव होणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, ही लक्षणे दिसल्यास शिबिराची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. ज्या स्त्रीला काहीच त्रास नाही, तिनेही जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी. कारण तपासणीचा सर्वाधिक लाभ तिलाच होणार आहे.