चॅप्टर रोडवरचा संप

पिनरहून लंडनकडे निघालेली मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी वेम्बली पार्क सोडलं की सुसाट सुटते, डॉलिस हिलला थांबत नाही. तिथे उतरायचं तर वेम्बली पार्कला ज्युबिली लाइन पकडावी लागते. पिनर-हॅरोकडच्या मराठी मंडळींना हा भाग ओळखीचा असतो, कारण १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिल लेनवर आहे. पण स्टेशनालगतच्या चॅप्टर रोडकडे वळायची फुरसत कुणाला? तिथलं ग्रनविकच्या संपाचं भित्तिचित्र निदान उभं राहून बघावं.

ग्रनविक हा फोटो धुण्याचा कारखाना इथे होता. गिऱ्हाइकांचे रोल टपालाने येत आणि छापलेले फोटो टपालानेच परत जात. कामाला बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बायका. चाळीस तासांचे २८ पौंड, वर सक्तीचा ओव्हरटाइम, आणि लघवीला जायचं तरी परवानगी मागायची. २० ऑगस्ट १९७६ रोजी त्यांच्यातल्याच जयाबेन देसाईंनी मॅनेजरला सुनावलं, की हा कारखाना नव्हे, प्राणिसंग्रहालय आहे; इथे नाचणारी माकडं आहेत, तसे मुंडकं तोडणारे सिंहही आहेत. आणि त्या बाहेर पडल्या; तिथून संप सुरू झाला. उंची पाच फुटांच्या आत, अंगावर साडी!

अशा संपाकडे गोऱ्या कामगारांनी पाठ फिरवायची, हीच तेव्हाची रीत. १९७४ मध्ये लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्समधल्या आशियाई संपकऱ्यांना त्यांच्याच युनियनने वाऱ्यावर सोडलं होतं. १९६८ मध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या इनॉक पॉवेल या पुढाऱ्याच्या समर्थनार्थ मोर्चा काढला होता. १९७७ मध्ये त्याच गोदीतले कामगार बॅनर घेऊन ग्रनविकच्या संपकऱ्यांसाठी आले. ११ जुलैला तर सुमारे २० हजार माणसं जमली. त्यांत यॉर्कशायरचे खाणकामगारही होते.

मला मात्र या गर्दीपेक्षा क्रिकलवूडचे पोस्टमन मोठे वाटतात. त्यांनी ग्रनविकचं टपाल हाताळायलाच नकार दिला आणि त्यापायी स्वतःच्या पगारावर पाणी सोडलं. टपालावर जगणाऱ्या धंद्याचा गळाच आवळला गेला. मग मालकाच्या पाठीराख्यांनी रातोरात टपालाची पोती कारखान्यातून बाहेर काढली.

तरीही संप हरला. नोव्हेंबर १९७७ मध्ये जयाबेन थेट टीयूसीच्या, म्हणजे कामगार संघटनांच्या महासंघाच्या दारात उपोषणाला बसल्या, तर त्यांच्याच युनियनने त्यांना निलंबित केलं. १४ जुलै १९७८ ला संप मागे घेतला गेला. हरलेला संप म्हणजे काय, हे गिरणगावाला वेगळं सांगायला नको.

मात्र ज्या बायका संपात उतरल्याच नाहीत, त्यांना पुढे पेन्शन मिळालं. कारखाना दुसरीकडे हलला तेव्हा त्यांना न्यायला घरापर्यंत व्हॅन येई. आमच्यामुळेच हे झालं, असं जयाबेन नंतर सांगत.