चिंचेच्या रसमाशेजारी रीसलिंग

चेन्नईच्या स्वयंपाकात चिंच आणि मिरची यांचे राज्य. रसम, वत्तकुळंबू, मिरे घातलेले चेट्टिनाड पद्धतीचे कोंबडीचे कालवण, अशा पानाशेजारी युरोपीय रिवाजाने तांबडी द्राक्षमदिरा ठेवली, तर दोहोंचाही रसभंग होतो. मद्यार्काने मिरचीचा दाह वाढतो, तांबड्या मदिरेचा तुरटपणा त्यात भर घालतो. आणि चिंचेपुढे कमी आंबट मदिरा पाणचट लागते.

जर्मनीतील रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाची मदिरा येथे उपयोगी पडते. या द्राक्षाचा पहिला लेखी उल्लेख माइन नदीकाठच्या रुसेल्सहाइम गावचा, १४३५ सालचा. मोझेल नदीच्या खोऱ्यात, पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारांवर त्याचे मळे आहेत. थंड हवेत फळ सावकाश पिकते; त्यामुळे गोडी भरली तरी आंबटपणा टिकून राहतो. रस आंबण्याची क्रिया मध्येच थांबविली, की थोडी साखर उरते आणि मद्यार्क शेकडा आठ-नऊच्या आसपासच राहतो. ही साखर तिखटाला शमविते, आंबटपणा चिंचेशी बरोबरी करतो. आमटीत चिंचेबरोबर गुळाचा खडा टाकणाऱ्या मराठी गृहिणीला हा मेळ समजावून सांगायला नको.

मात्र प्रत्येक रीसलिंग गोड नसते. बाटलीवर ‘ट्रोकेन’ लिहिले असेल, तर ती कोरडी समजावी. ती तिखटापेक्षा तळलेल्या वंजरम मासळीबरोबर अधिक शोभते. ‘काबिनेट’ हा प्रकार हलका, आणि त्यावर ‘ट्रोकेन’ नसेल तर बहुधा किंचित गोड. तो चांगला गार करून रसमाबरोबर घ्यावा. दहीभाताला मात्र कोणत्याच मदिरेची सोबत लागत नाही.